बाळाला निजवणे आणि गुंगवणे

दसरा उलटून कापसाची बोंडे फुटू लागली की केळापूर तालुक्यातील चिकित्सालयांत आणि काष्ठौषधींच्या दुकानांत एक मागणी वाढते. "लेकरू निजत नाही, गुटीत झोपेचं काही घालून द्या." मागणारी कधी आई असते, कधी आजी, कधी बाळाचा बाप. या मागणीचा आणि वेचणीचा हंगाम एकच असावा, हा योगायोग नव्हे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ऊन चढण्यापूर्वी जितका कापूस ओटीत पडेल तितके पैसे हाती येतात. बांधावरच्या कडुनिंबाला टांगलेल्या झोळीत बाळ दोन तास शांत राहिले तर त्या दिवसाची मजुरी पुरी होते. ते दर अर्ध्या तासाने रडले तर निम्मी बुडते. तेव्हा जी माउली आपल्यापुढे झोपेचे औषध मागते, ती निष्काळजी असते असे मुळीच नाही. ती मजुरी आणि मूल या दोहोंच्या कात्रीत सापडलेली असते.

अशा वेळी आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून सहज उत्तर निघते, "जायफळाचा एक वेढा वाढवा." उत्तर सोपे आहे, स्वस्त आहे आणि परंपरेचे पाठबळ असल्यासारखे वाटते. या उत्तराचा फेरविचार व्हावा, यासाठी हा लेखप्रपंच. प्रस्तुत लेखकाचे मत प्रारंभीच स्पष्ट मांडतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाला केवळ झोप यावी म्हणून तोंडावाटे कोणतेही द्रव्य देऊ नये, विकू नये व सुचवूही नये. आणि हा निर्बंध कोणी बाहेरून लादण्यापूर्वी आपण वैद्यांनी व औषधालयांच्या मालकांनी तो स्वतःहून स्वीकारावा.

कापसाच्या दुसऱ्या टोकाचा इतिहास

वऱ्हाडातील कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जात असे, त्या गिरण्यांतील स्त्री-कामगारांपुढेही हाच पेच होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या स्त्रिया पहाटे कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या बाळांना अफूची गोळी देत असत. 'बाळागोळी' या गोंडस नावाने ती बाजारात उघडपणे मिळत असे. १९२२ साली मुंबईच्या 'लेबर गॅझेट'मध्ये डॉ. बार्न्स यांनी गिरणी-कामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयीची पाहणी प्रसिद्ध केली. या स्त्रियांच्या जवळजवळ सर्वच बाळांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. बाळ निजे, रडत नसे, दूधही मागत नसे. त्याची वाढ खुंटे आणि ते पुढे एखाद्या साध्या अतिसाराने किंवा श्वसनाच्या विकाराने दगावे. मृत्यूच्या नोंदीत अतिसार लिहिला जाई. अफूचे नाव क्वचितच येई.

हा दोष केवळ आपल्या समाजाचा होता असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील गिरण्यांच्या गावांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' या नावाने अफूयुक्त मिश्रण तान्ह्यांना पाजले जात होते. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकले जाई आणि त्यात मॉर्फिन असे. १९०६ च्या तेथील कायद्याने घटकद्रव्य लेबलवर छापणे भाग पडले आणि १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा औषधांना बालघातकांच्या यादीत टाकले. जेथे जेथे मातेला मजुरीसाठी तान्हे मूल मागे ठेवून जावे लागले, तेथे तेथे कोणीतरी झोपेची बाटली घेऊन उभा राहिला, असा हा इतिहास आहे.

मुंबईतील ही प्रथा मागे पडली ती केवळ उपदेशाने नव्हे. अफूच्या विक्रीवर निर्बंध आले आणि त्याबरोबर गिरण्यांत पाळणाघरेही आली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ती बंधनकारक केली. प्रारंभी पन्नासहून अधिक आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास ती ठेवावी लागत. कापसाच्या या टोकाला, म्हणजे आपल्या शेतशिवारात, खासगी शेतावरील वेचणीच्या मजुरास मात्र असे पाळणाघर कधी मिळाले नाही. झोळी तेवढी मिळाली. म्हणूनच झोपेच्या गुटीची मागणी येथे अजून जिवंत आहे.

अहिफेनाविषयी एक गोष्ट आपण ध्यानी ठेवावी. बृहत्त्रयीत हे द्रव्य नाही. शार्ङ्गधराच्या काळापासून ते आपल्या औषधांत स्थिरावलेले दिसते. आज १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी अधिनियमाने त्यावर कडक नियंत्रण आहे, आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई-१ या अनुसूचीत ते विषारी द्रव्यांत गणले आहे. असे असूनही "थोडी खसखशीची बोंडं उकळून पाजली तर?" असा प्रश्न क्वचित कानी पडतो. खसखस हे बीज वेगळे आणि बोंडाची टरफले वेगळी. टरफलांत मॉर्फिन असते. हा भेद दुकानदाराने ग्राहकास स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. तेथे संकोच नको.

वेढा म्हणजे मात्रा नव्हे

अफू गेली आणि तिची जागा घरोघरी जायफळाने घेतली. जातिफल हे दीपन, ग्राही, सुगंधी द्रव्य असून योग्य रुग्णात, योग्य मात्रेत त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु त्यात मायरिस्टिसिन, एलेमिसिन आदी घटक असतात. प्रौढ व्यक्तीनेही ते अधिक घेतल्यास तोंडास कोरड, छातीत धडधड, भ्रम व दीर्घकाळ गुंगी ही लक्षणे उद्भवतात. नवजात बालकाच्या यकृताची द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची क्षमता अपक्व असते. त्यामुळे आज दिलेला अंश पूर्णपणे बाहेर पडण्यापूर्वीच उद्याचा अंश पोटात जाण्याची शक्यता राहते.

त्यातून मोजमाप कशाचे? 'वेढा' हे माप सहाणेचा खरखरीतपणा, उगाळणाऱ्या हाताचा जोर, जायफळाचा ताजेपणा आणि त्यातील तेलाचा अंश या चार गोष्टींवर अवलंबून असते. आजीच्या हाताचा एक वेढा आणि तरण्या आत्याच्या हाताचा एक वेढा यांत कितीतरी अंतर पडते. त्यात बाजारात खऱ्या जायफळाबरोबर त्याच कुळातील रामपत्रीचे फळही मिसळून येते. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात नवजातास औषधाची मात्रा विडंगफळाएवढी सांगून ती मासागणिक वाढवावी आणि आवळ्याच्या आकारापलीकडे नेऊ नये, असा स्पष्ट क्रम दिला आहे. ज्या शास्त्राने विडंगाचा दाणा समोर ठेवून मात्रा सांगितली, त्या शास्त्राच्या नावावर आपण 'एक-दोन वेढे' असे बोलावे, हे आपल्यास शोभत नाही.

वेखंडाची गोष्टही विचारात घेण्याजोगी आहे. वाणी आणि बुद्धीसाठी ते गुटीत उगाळले जाते. त्यातील बीटा-असारोन या घटकाचे प्राण्यांवरील प्रयोगांत दुष्परिणाम आढळल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. भारतीय वेखंडात हा घटक अधिक प्रमाणात असतो. आपल्या परंपरेत वचेचे शोधन सांगितलेले आहे. परंतु आठवडी बाजारातून आणलेला वेखंडाचा तुकडा शोधित असतो काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. अतिविषाचे मोल वाढल्यावर त्याऐवजी काय विकले जाते, याची चौकशीही थोडेच जण करतात. भावप्रकाशाने अतिविषाचा प्रतिनिधी म्हणून मुस्तक सांगितला आहे. दुसरे कोणते तरी तत्सम कंद चालतील असे कोठेही म्हटलेले नाही.

शास्त्र निद्रानाशाकडे कसे पाहते

प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाचा आधार आपल्याच ग्रंथांत आहे. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील वेदनाध्याय आपण विद्यार्थिदशेत वाचला आणि परीक्षेनंतर बहुधा मिटून ठेवला. ज्यास बोलता येत नाही त्याचे दुखणे कसे ओळखावे, हा त्या अध्यायाचा विषय. तेथे अस्वप्न, म्हणजे झोप न येणे, हे शिरःशूलाच्या लक्षणांत आले आहे आणि कर्णवेदनेच्या लक्षणांतही आले आहे. बाळ डोके हलवते, डोळे मिटते, कण्हते, निजत नाही; किंवा हातांनी कान चाचपते, डोके फिरवते, निजत नाही. उदरशूलात ते स्तन सोडून देते, रडते, पोट ताठरते. आचार्यांनी अस्वप्नास स्वतंत्र व्याधी मानून त्यावर निद्राजनक द्रव्य सांगितलेले नाही. ते दुसऱ्या कशाचे तरी लक्षण म्हणून नोंदले आहे. कान ठणकणाऱ्या बाळास जायफळ देणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड दाबण्यासारखे आहे.

चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशावरील उपाय सांगताना अभ्यंग, उत्सादन व स्नान यांना प्रारंभी स्थान दिले आहे. मनास रुचणारे गंध व शब्द, संवाहन, नीट अंथरलेली शय्या, सुखकर घर आणि योग्य काळ यांचाही त्यात अंतर्भाव आहे. त्यातील आहार व मद्यादी भाग प्रौढांसाठी आहे, हे उघडच आहे. तो वगळला तर उरलेली यादी जणू बाळासाठीच लिहिली असावी इतकी चपखल बसते. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बाळाची शय्या व पांघरुणे मऊ, हलकी, स्वच्छ असावीत आणि बाळास भीती घालू नये, असे सांगितले आहे. सुश्रुताने शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बाळास एकाएकी जागे करू नये, झटकन उचलू नये, दरडावू नये, असे बजावले आहे. क्षीरप बालकाच्या औषधयोजनेत धात्रीलाही औषध द्यावयाचे, हे सूत्रही तेथेच आहे. म्हणजे तान्ह्याची तक्रार आली की प्रथम आईचा आहार, तिचे जागरण, तिची मनःस्थिती यांची चौकशी व्हावयास हवी.

आधुनिक बालरोगशास्त्र या बाबतीत आपल्यापासून फार दूर नाही. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपते, परंतु तुकड्यातुकड्यांनी. त्याच्या झोपेचा निम्मा भाग हलका, हालचालींचा असतो आणि एक चक्र सुमारे पाऊण-एक तासात पुरे होते. दिवस-रात्रीचा भेद त्याच्या शरीरास दोन-तीन महिन्यांनंतर उमगू लागतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे सर्वांत अधिक असते आणि नंतर आपोआप कमी होते. हे कळले तर निम्म्या तक्रारींचे निवारण समजावण्यानेच होईल. दोन महिन्यांचे लेकरू रात्रीतून तीन वेळा उठते, हा रोग नसून त्याचे वय आहे.

"पिढ्यान्पिढ्या दिले, काही झाले नाही"

हा आक्षेप येणारच. किंबहुना आपल्यातील ज्येष्ठांकडून तो आधी येईल. त्याचा आदरपूर्वक विचार करू. ज्यांना काही झाले नाही ते आज आपल्यापुढे बसून सांगत आहेत. ज्यांना झाले ते सांगण्यास उरले नाहीत. बाळागोळीच्या काळातही प्रत्येक घरात हेच वाक्य ऐकू येत होते. पूर्वी दोन-चार बालके दगावणे हे घराचे प्राक्तन मानले जाई, त्यामुळे कारण शोधण्याची गरजच कोणास भासत नसे.

मधाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तेथे आपल्यापुढे ग्रंथवचन आहे. गुटी मधातून चाटवण्याची रीत सर्वत्र आहे, आणि लेहाध्यायातही मधु-सर्पीचे अनुपान आहेच. तथापि मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यांत रुजून विष निर्माण करू शकतात. बालकांतील या विकाराची ओळख १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात पटली. त्याची लक्षणे पाहावीत: मलावष्टंभ, क्षीण रडणे, चोखण्याची शक्ती जाणे, मान टाकणे, शरीर सैल पडणे. अशा बाळास "आता छान निजते" असे म्हणून घरी ठेवले जाण्याचा धोका किती मोठा आहे! आचार्यांनी बीजाणू पाहिले नव्हते. पाहिले असते तर त्यांनी अनुपान बदलले असते, इतका विश्वास आपण त्यांच्या युक्तीवर ठेवावा. वर्षाच्या आत वैद्यास औषध देणे आवश्यकच वाटले तर मातेचे दूध हे अनुपान उपलब्ध आहे.

दुसरा आक्षेप असा, की आपण दिले नाही तर लोक दुसरीकडून घेतील, सर्दीचे सिरप पाजून मुलास झोपवतील. ही भीती खरी आहे. अशा सिरपमधील गुंगी आणणाऱ्या घटकांविषयी इशारे वारंवार दिले गेले आहेत, आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉलयुक्त खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. परंतु ही दुसऱ्या पॅथीची नामुष्की म्हणून आपण समाधान मानावे काय? ज्या दिवशी एखाद्या गुटीच्या पुडीत भलते द्रव्य निघेल, त्या दिवशी लोक आपल्यालाही तोच प्रश्न विचारतील. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने शिसे आढळलेल्या पारंपरिक औषधांत 'घसार्ड' आणि 'बाला गोली' ही आपल्याकडून गेलेली नावे नोंदलेली आहेत, हेही विसरू नये.

मग द्यावयाचे काय?

नुसता नकार दिला तर माता रिकाम्या हाताने परत जाते आणि वाटेत दुसऱ्या दुकानी थांबते. म्हणून नकाराबरोबर तिच्या हाती उपयोगी असे काही पडले पाहिजे.

प्रथम परीक्षा. बाळास अंगावरील कपडे काढून पाहावे. कान, टाळू, पोट, जांघ, गुदभाग, हातापायांची बोटे तपासावीत. बोटाभोवती केस किंवा दोरा आवळला गेल्याने अविरत रडणारी बाळे असतात. वजन करावे. लघवी दिवसातून किती वेळा होते ते विचारावे. तीन महिन्यांच्या आतील बाळास ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, टाळू फुगणे, हिरवी उलटी, शौचातून रक्त, दूध न ओढणे, निळसरपणा किंवा जागे करूनही न जागणे, यांपैकी काहीही आढळल्यास एक क्षणही न दवडता रुग्णालयात पाठवावे. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून ६०-७० किलोमीटरवर आहे, आणि कोलाम पोडांवरून पांढरकवड्यास पोहोचण्यातच अर्धा दिवस जाऊ शकतो. तेव्हा "उद्या पाहू" हे शब्द आपण वापरूच नयेत.

दुसरे, अभ्यंग. येथे आपली परंपरा आणि आधुनिक निरीक्षण हातात हात घालून उभे आहेत. २००० साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये १२५ बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या बाळांना चार आठवडे नित्य तेल चोळले असता त्यांची वाढ व मालिशीनंतरची झोप सुधारली, आणि वाढीच्या बाबतीत तीळतेल सरस ठरले. घरचे कोमट तीळतेल, हलका हात, त्यानंतर कोमट पाण्याचे स्नान, इतके सांगणे पुरेसे आहे. नाकात व कानात तेल सोडू नये. ते श्वसनमार्गात उतरल्यास फुप्फुसास इजा होते. टाळूवर तेल ठेवावे, पण दाबू नये.

तिसरे, धुरी. स्नानानंतर बाळास शेगडीवर धरून वेखंड-ओव्याचा धूर देण्याची पद्धत सर्वत्र आहे. चरकाने धूपन सांगितले ते वस्त्रे, अंथरुणे व पांघरुणे यांचे. कपडे धुरवावेत, हवेशीर करावेत आणि मग बाळास घालावेत. बाळाच्या नाकात धूर जावा असे आचार्यांनी म्हटलेले नाही. हा भेद आपण घरोघरी पोहोचवला तर कित्येक बाळांचे खोकले आणि त्यामुळे मोडणारी झोप वाचेल.

चौथे, निजवण्याची रीत. जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले, की रडणाऱ्या बाळास छातीशी धरून पाच मिनिटे संथपणे चालावे, ते निजल्यावर लगेच खाली न ठेवता मांडीवर घेऊन पाच ते आठ मिनिटे बसावे आणि मग अंथरुणावर ठेवावे. म्हणजे ते जागे होण्याची शक्यता कमी होते. आपल्या आज्या अंगाई म्हणत अंगणात फेऱ्या घालीत, त्यामागील तत्त्व हेच. अंधार, एकच ठरलेली वेळ, तेच गाणे, तोच हात. बाळास हे सारे ओळखीचे झाले की झोप सोपी होते. निजवताना पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर ठेवावे. तोंडावर पदर किंवा दुपट्टा टाकू नये. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत न निजणारे बाळ बहुधा उकाड्याने किंवा तहानेने जागे असते. त्यास एकच सुती वस्त्र असावे आणि वारंवार अंगावर पाजावे. सहा महिन्यांच्या आत वरच्या पाण्याचीही गरज नसते.

पाचवे, शेतावरची झोळी. ती बंद करा असे सांगणे व्यर्थ आहे. विंचू, साप, मुंग्या यांपासून तीच बाळास वाचवते. परंतु झोळीचे कापड रुंद पसरलेले असावे, बाळाची हनुवटी छातीत रुतू नये आणि तोंड उघडे दिसावे, इतके सांगता येते. जे लुगडे किंवा धोतर फवारणीच्या वेळी अंगावर होते ते झोळीस कदापि वापरू नये. २०१७ च्या फवारणी हंगामात आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, हे आपण विसरलेलो नाही. प्रौढाच्या त्वचेतून जे भिनले ते तान्ह्याच्या त्वचेतून किती सहज भिनेल! आणि पाच-सहा मजूर स्त्रिया एकत्र वेचणीस जात असतील तर त्यांतील एकीने बाळे सांभाळावीत व तिची मजुरी सर्वांनी मिळून, शेतमालकानेही वाटा उचलून द्यावी, असे सुचवावे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सार्वजनिक कामांवर पाच किंवा अधिक बालके असल्यास एका स्त्रीस त्यांच्या देखभालीसाठी नेमण्याची तरतूद होती. तीच कल्पना शिवारात आणावयाची आहे. वैद्याचा शब्द गावात मानला जातो. तो शब्द येथे खर्ची घालावा.

औषधालयांच्या मालकांस विनंती

ॲलोपॅथिक औषधे विकण्यास परवाना लागतो. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस तो लागत नाही. ही सवलत आहे आणि तिच्यामुळे जबाबदारीही पूर्णपणे आपल्यावर आली आहे. निर्मित औषधांच्या लेबलवर घटक, प्रमाण, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख व औषधाची मुदत छापणे नियमावलीने आवश्यक केले आहे, आणि ई-१ अनुसूचीतील द्रव्ये असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही. परंतु गुटीची सुटी काष्ठौषधी कागदाच्या पुडीत बांधून दिली की यांतील काहीच ग्राहकापर्यंत जात नाही.

तेव्हा काही गोष्टी आपण आजपासून करू शकतो. गुटीच्या पुडीवर प्रत्येक द्रव्याचे नाव व खरेदीचा महिना लिहावा. वर्षानुवर्षे डब्यात पडलेली, बुरशी धरलेली हळकुंडे, खारका व बदाम गुटीच्या संचातून काढून टाकावेत. 'झोपेची गुटी' या नावाने काहीही विकू नये. बाळाचे वय विचारल्याशिवाय गुटी देऊ नये आणि सहा महिन्यांच्या आतील असेल तर वैद्याकडे पाठवावे. सूचना मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगू बोलणाऱ्या ग्राहकांस कळेल अशा भाषेत, शक्यतो तोंडी सांगाव्यात. आपल्या सीमावर्ती तालुक्यात छापील मराठी चिठ्ठी प्रत्येक घरात वाचली जाईलच असे नाही. यात गल्ल्याचे थोडे नुकसान होईल, हे मान्य. पण जे दुकान "हे देऊ नका" असे सांगते, त्याच दुकानी लोक पुढची वीस वर्षे विश्वासाने येतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

संघटनेकडेही दोन मागण्या आहेत. गुटीतील प्रत्येक द्रव्याची ओळख, शोधन, वयानुसार वजनी मात्रा आणि निषेध यांचा एक पानी तक्ता तज्ज्ञांकडून सिद्ध करून तो सर्व सभासदांच्या चिकित्सालयांत व दुकानांत लावावा. आणि बाळास कोणत्याही औषधानंतर गुंगी, श्वासमंदता अथवा दूध न ओढणे आढळल्यास त्याची नोंद आयुष औषधांच्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवण्याची सवय सभासदांत रुजवावी. हा कार्यक्रम २०१८ पासून चालू असून नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. नोंद करणे म्हणजे आपल्या शास्त्राविरुद्ध साक्ष देणे नव्हे. ज्या शास्त्राने न बोलणाऱ्या बाळाच्या वेदना ओळखण्यास एक संपूर्ण अध्याय दिला, त्या शास्त्राचे ते आजचे काम आहे.

येत्या हंगामात पुन्हा बोंडे फुटतील आणि पुन्हा तीच मागणी येईल. निजलेले बाळ हाक मारली की जागे होते, भूक लागली की दूध मागते. गुंगलेले बाळ दोन्ही करीत नाही. शेतावरच्या झोळीत ते कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहण्यास आपण तेथे नसतो. जे आपल्या हाती आहे ते एवढेच, की ते झोळीत जाण्यापूर्वी त्याच्या पोटात आपल्या हातून काय गेले. सर्व वैद्यबंधुभगिनींनी व औषधालयांच्या मालकांनी यावर गांभीर्याने विचार करावा आणि आपली मते, मतभेद असल्यास तेही, याच पानांतून मांडावीत, ही नम्र विनंती.